कारंज्याचा आड आणि माझा आगाऊ हात

विमलचा निरोप आला तो असा: "घर पाडून राह्यलो. दसऱ्यानंतर काम सुरू. पाहायचं असंन तर आताच ये." विमल आणि मी पुण्याला टेलिफोन खात्यात होतो आणि पाच वर्षं एका खोलीत राहिलो. ती जैन, मी चिपळूणची. रविवारी मी सुकट भाजायला घेतली की ती पुस्तक घेऊन गच्चीवर जाई आणि वास गेला की खाली येई. एवढ्यावर आमची मैत्री टिकली. निवृत्तीनंतर ती माहेरी, कारंज्याला, भावाकडे राहायला गेली. तिनं लग्न केलं नव्हतं. गेली दोन वर्षं ती "ये" म्हणत होती आणि मी "येते" म्हणत होते. आता घरच जाणार म्हटल्यावर उठले.

कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे, हे मला तिकीट काढताना कळलं. आम्हा कोकणातल्या लोकांना घाटापलीकडे सगळं एकच वाटतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

रविवार

बडनेऱ्याला उतरून पुढं जीप केली. दोन्ही बाजूंनी सोयाबीनची काढणी चाललेली, हवेत भुसा आणि ऑक्टोबरचं ऊन. कामरगावला जीप थांबली तेव्हा मी गरम आलूबोंडा खाल्ला, वर तळलेली मिरची. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोणाच्या घरी चालल्या?" मी विमलच्या भावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "औषधाचं दुकान आहे, ते? मंग अजून एक खाऊन घ्या. तिथं कांदा-आलू भेटणार नाई." मी दुसरा घेतला. पुढच्या चार दिवसांत त्या बाईंची आठवण मला रोज आली.

कारंज्याच्या जुन्या गावाला वेशी आहेत. वेशीतून आत शिरलं की रस्ता अरुंद होतो. दोन्हीकडे ओटे, सागवानी खांब, वरच्या मजल्याला नक्षीच्या तुळया. एकेका खांबावर पोपट, वेली, कमळं. बंद घरंही आहेत, पण पुष्कळ घरांत माणसं नांदतात. नक्षीच्या खांबाला सायकल टेकलेली असते आणि कोरलेल्या पोपटाच्या चोचीला कुणी पिशवी अडकवलेली असते. मला हे फार आवडलं. आमच्याकडे जुन्या घराचं कौतुक करतात ते ते रिकामं झाल्यावर.

विमलचं घर बघून मी आधी चिडले. मला वाटलं होतं, भिंती फुगल्या असतील, वाळवी लागली असेल. तसलं काही नाही. घर ठणठणीत. जोत्याचा दगड हलत नव्हता, नक्षीचं दार एका बोटानं लागत होतं.

"हे पाडताय? कशाला?" मी चपला काढायच्या आत विचारलं.

विमलचा भाऊ प्रकाश शांत माणूस आहे. तो म्हणाला, "बाई, वरच्या मजल्यावर संडास नाई. आईले शेवटचे दोन वर्षं उचलून खाली आणत होतो. आता माहे गुडघे बोलून राह्यले. पोराची गाडी वेशीबाहेर उभी राह्यते. तुमाले चार दिवस चांगलं वाटंन, आमाले रोज राह्यचं आहे."

खांब आणि तुळया उतरवून नव्या घराच्या बैठकीत लावायच्या, असं त्यानं ठरवलं होतं. एवढं करणारेही थोडेच.

घराच्या मधोमध चौक आणि चौकात विहीर. इकडे घरातल्या विहिरीला आड म्हणतात. आमची बाव परसात, जांभ्या दगडाची, कठड्यावर शेवाळ, पावसाळ्यात हात घातला की पाणी. हा आड मात्र अरुंद आणि खोल. वाकून पाहिलं तर तळाशी आभाळाचा रुपयाएवढा तुकडा. नव्या घराचा एक मुख्य खांब नेमका या आडावर येत होता, म्हणून तो बुजवायचा होता.

विमलनं त्याला नाही म्हटलं नव्हतं. तिची एकच अट होती. गावात दिगंबर मुनिमहाराज चातुर्मासाला आले होते. त्यांना आहार लागतो तो विहिरीच्या, हातानं शेंदलेल्या पाण्यावर केलेला. दिवसातून एकदा, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत, आणि पाणीही तेव्हाच. "या आडाच्या पाण्यावर एकदा महाराजांचा आहार होऊ दे," ती भावाला म्हणाली होती, "मग बुजव." तिची आजी, तिची आई याच आडाचं पाणी काढून आहार देत आल्या होत्या. विमल चाळीस वर्षं पुण्यात. तिच्या हातून एकदाही झालेला नव्हता.

"मग बोलव की त्यांना," मी म्हटलं.

विमल हसली. "बोलावता येत नाही. तेच तर आहे."

सोमवार

बोलावता का येत नाही, ते सकाळी पाहिलं.

विमल आणि तिची वहिनी पहाटेच न्हाऊन, धुतलेली, कुणाचा हात न लागलेली लुगडी नेसून चौकात आल्या. मला आडापासून चार हात लांब पाट दिला. विमलनं दोरानं पाणी शेंदलं. साठीच्या बाईचा हात असा चालतो, हे मी पाहत राहिले. पाणी जाड, दुपदरी कापडातून हंड्यात गाळलं. इथवर ठीक, आम्हीही गाळतो. पुढचं मी कधी पाहिलं नव्हतं. ते कापड तिनं उलटं करून एका लहान भांड्यावर धरलं आणि त्यावर गाळलेलंच पाणी हळूहळू ओतलं. कापडात अडकलेले बारीक जीव भांड्यात उतरले. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ते ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत परत सोडायचं. वरून ओतायचं नाही, उंचावरून पडून जीव मरतात. त्यासाठी एक वेगळी छोटी बादली होती, तिच्या बुडाला कडी. बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची, मग बुडाची दोरी ओढायची. ती उलटते आणि जीव आपल्या घरी जातात.

"रोज?" मी विचारलं.

"जेवढ्या वेळा पाणी, तेवढ्या वेळा."

साडेनऊला सगळी गल्ली दारात उभी. चार घरांत स्वयंपाक मांडलेला, चारी घरांसमोर रांगोळी, दारात कलश आणि नारळ घेऊन नवरा-बायको. महाराज देवळातून निघतात ते मनात काही एक खूण धरून. अमुक वस्तू हाती घेतलेलं माणूस दिसलं, अमुक रंग दिसला, तरच तिथं थांबायचं. ती खूण कुणाला सांगत नाहीत. जुळली नाही तर सगळ्या दारांवरून तसेच परत जातात आणि त्या दिवशी उपास. याला इथले लोक "विधी मिळाला नाही" म्हणतात.

महाराज आले. बारीक अंगकाठी, उजवा हात खांद्यावर, नजर जमिनीवर. प्रत्येक दारातून आवाज उठला, "नमोस्तु, नमोस्तु, तिष्ठ तिष्ठ." विमलचा आवाज शेवटी जरा फाटला. महाराज तिच्यासमोरून पुढं गेले आणि कोपऱ्यावरच्या घरापाशी थांबले.

"हा सातवा दिवस," वहिनी मला हळूच म्हणाल्या. विमल कलश खाली ठेवून आत गेली आणि माझ्या ताटात भाकरी, तुरीचं वरण आणि पाटोडीची भाजी वाढू लागली. चेहऱ्यावर काही नाही. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात, आणि त्यात लसूण-कांदा नसल्याची उणीव तिखटानं भरून काढलेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचंच होतं.

संध्याकाळी साडेपाचला गल्लीतले सगळे कुकर एकदम शिट्ट्या देतात. सूर्य मावळायच्या आत जेवणं आटपायची असतात. आठ वाजता मला कडकडून भूक लागली आणि वेशीपर्यंत पाय मोकळे करून येते म्हणून मी निघाले. गाडीवर कांदाभजी घेतली. वळले तर शेजारी प्रकाश, हातात तोच पुडा.

तो म्हणाला, "ताईले सांगजा नका."

"तुम्हीपण," मी म्हटलं. आमची दोस्ती तिथं झाली.

मंगळवार

महाराज आजही पुढं गेले. आठवा दिवस.

दुपार कलल्यावर विमल मला तळ्यावर घेऊन गेली. ऋषी तलाव म्हणतात त्याला. एका ऋषीनं गावासाठी पाणी आणलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टी सगळीकडे असतात, पण इतकं पाणी सगळीकडे नसतं. काठाला म्हशी डुंबत होत्या, बुरखेवाल्या दोघी लेकरांना घेऊन बसल्या होत्या, निवृत्त मास्तर मंडळी गोल करून राजकारण सोडवत होती. मी उकडलेले शिंगाडे घेतले. गाव इथं रोज येतं आणि एकमेकांचं काय चाललंय ते पाहून घरी जातं.

तिथं भीमराव भेटले. घर पाडण्याचं आणि बांधण्याचं काम त्यांच्याकडे. पन्नाशीचे, खिशात टेप आणि मोबाइल. नकाशा मोबाइलमध्ये.

"ताई, परवा दसरा," ते विमलला म्हणाले. "आमी उद्या रातच्या गाडीनं नागपूरले जातो, दीक्षाभूमीले. आलो का पहिले आडाचं काम. मुरमाच्या चार ट्रॉल्या सांगून ठेवल्या."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा आड माह्या ओळखीचा आहे, बाई. माह्या आज्यानं याचा गाळ काढला, बापानं काढला. मी पण एकदा उतरलो. तवा लहान होतो, बारीक होतो."

"त्याचं पाणी चांगलं आहे का?" मी आपलं विचारलं.

"बापाले माहीत नव्हतं," भीमराव म्हणाले. "गाळ काढाले चालत होते, प्यायले नाई. मले माहीत आहे. ताईच्या आईनं मले पहिल्यांदा त्या आडाच्या पाण्याचा चहा देल्ला. चांगलं आहे."

ते हे सहज बोलले, कुणाला टोचायला नाही. विमलनं मात्र मान खाली घातली. परतताना ती म्हणाली, "इतके जीव जपले आम्ही आणि शेजारचं माणूस तहानलेलं ठेवलं." आमच्या बावीवरही त्या काळी काही वेगळं नव्हतं.

बुधवार

आता माझ्या हाताची गोष्ट.

आमच्याकडे चार महिने पाऊस. ओलं फडकं दिसलं की ते पिळायचं आणि वाळत टाकायचं, ही शिकवण आईच्या दुधाबरोबर मिळते. न पिळलेलं फडकं दुसऱ्या दिवशी वास मारतं आणि सासू तोंड सोडते. त्यामुळे डोक्याला विचारायच्या आत माझा हात पिळून मोकळा होतो.

साडेआठच्या सुमारास मी अंघोळ करून चौकात आले. आत दूध उतू जात होतं म्हणून विमल धावत स्वयंपाकघरात गेलेली. आडाच्या काठावर लहान भांडं, त्यावर ओलं कापड, थेंब थेंब गळत होतं. दोन दिवस नुसतं पाटावर बसून खाल्लं होतं, जरा हातभार लावावा असं मला वाटलं. मी कापड उचललं, घट्ट पिळलं, झटकून दोरीवर टाकलं. भांड्यात तळाला गढूळसं पाणी होतं, ते मोरीत ओतलं, भांडं विसळलं आणि पालथं घातलं. वर स्वतःवर खूश झाले.

दोन दिवस समोर बसून पाहिलेलं होतं. जिवाणी काय ते मला माहीत होतं. तरीही हातानं केलं ते केलं.

विमल बाहेर आली. तिनं दोरीकडे पाहिलं, मग पालथ्या भांड्याकडे.

"यातलं पाणी?"

तिच्या तोंडून तो प्रश्न निघाला आणि मला समजलं. मी मोरीकडे बोट दाखवलं.

विमल आडाच्या कडेला खाली बसली. वहिनी आल्या, त्यांना सगळं कळलं. त्या व्यवहारी बाई. "ताई, अजून तास आहे. दुसरं पाणी काढू, स्वयंपाक पुन्हा करू. मी पुऱ्या लाटते. कोणाले काय समजते?"

"पाणी दुसरं काढता येते," विमल म्हणाली. "गेले ते जीव कुठून आणू? महाराज थांबले तर मले त्यायच्या समोर म्हणा लागते, मन शुद्ध, वचन शुद्ध, आहार-जल शुद्ध. आज मी हे कसं म्हणू?"

"चूक माझी आहे, तुझी नाही," मी म्हटलं.

"भांडं उघडं सोडून मी गेली. तुले काय माहीत." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठली, दारातला कलश उचलून आत ठेवला आणि दार लोटून घेतलं. मग माळ घेऊन कोपऱ्यात बसली.

मी वरच्या मजल्यावर जाऊन खिडकीशी उभी राहिले. दुसरं काय करणार? साडेनऊला महाराज आले. गल्लीत "नमोस्तु"चा गजर झाला. ते चालत आले आणि विमलच्या दाराशी त्यांची पावलं मंदावली. बंद दार, पुसलेली रांगोळी. ते क्षणभर तिथं उभे राहिले. मग पुढं गेले, आणि त्या दिवशी कुणाकडेच थांबले नाहीत.

कशासाठी मंदावले, मला माहीत नाही. कदाचित रोजची बाई दिसली नाही म्हणून असेल. पण मी एकसष्टाव्या वर्षी खिडकीच्या गजाला धरून रडले. मैत्रिणीनं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती आणि ती मी पिळून मोरीत ओतली.

दुपारी भीमराव माप घ्यायला आले. रात्री गाडी, त्याआधी आडाचा घेर मोजून ठेवायचा होता. घरात चूल थंड. त्यांनी प्रकाशला विचारलं, "काय झालं? ताई सकाळी दारात नव्हती म्हणते."

प्रकाशनं सांगितलं. मी मध्येच म्हटलं, "मी केलं."

भीमराव टेप हातात घेऊन आडाच्या काठावर टेकले. त्यांनी वाकून तळाशी पाहिलं. मग म्हणाले, "ताई, एक इचारतो, राग नका मानू. वाटीभर पाण्यातले जीव गेले म्हणून तुमी दार लावलं. परवा मी याच्यात मुरमाच्या चार ट्रॉल्या टाकीन. त्यातले जीव कुठी जातीन?"



मी विमलकडे पाहिलं, प्रकाशकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, आणि तो लाजेचा होता. सहा महिने नकाशे झाले, इंजिनिअर झाले, वास्तूचा मुहूर्त निघाला. पिढ्यान्‌पिढ्या या घरातल्या बायकांनी एकेक थेंब दोरीनं परत खाली सोडला. आणि आड बुजवणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाच्याच मनात आलं नव्हतं. आड त्यांच्या हिशेबी घराचा भाग होता, भिंतीसारखा. ते ओळखलं कुणी, तर ज्याच्या आज्याला त्यातलं पाणी मिळालं नव्हतं त्यानं.

विमल म्हणाली, "आहार झाला की बुजव, असं मीच म्हटलं होतं. मी."

प्रकाशनं घसा साफ केला. "भीमराव, तो खांब सरकते का?"

"खांब? तीन फूट इकडे घेतला तर सरकते. इंजिनिअरले इचारा लागंन, वर तुळई जाड करा लागंन. पहिलेच बोलले असते तर पहिलेच सांगतलं असतं."

"आमाले सुचलं असतं तर बोललो असतो," प्रकाश म्हणाला.

त्यानं तिथूनच इंजिनिअरला फोन लावला. गाडी उभी करायची जागा कमी होणार होती, तेवढं चालेल म्हणाला. विमल उठली, आडातून पाणी शेंदलं, गाळलं, जिवाणी आधी परत सोडली आणि मग चहा ठेवला. पहिला पेला तिनं भीमरावांच्या हातात दिला.

दसरा आणि नंतर

सकाळच्या जीपनं मी निघाले. महाराज निघायच्या आधीच मला वेस गाठायची होती, त्यामुळे त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही. विमल पहाटे नव्या रांगोळीला बसली होती. तिनं मला आडाजवळ येऊ दिलं, पण माझे दोन्ही हात पाठीमागे धरायला लावून. ती हसत होती, म्हणून मीही हसले.

आता घर उतरवून झालंय. विमलनं फोटो पाठवलेत. खांब ओळीनं देवळाच्या पडवीत निजवलेले आहेत, पोपट आभाळाकडे बघतायत. मोकळ्या जागेत मधोमध आड तेवढा उभा आहे, भोवती पत्र्याचं कुंपण. नक्षीच्या त्या दाराचं मला वाईट वाटतं, ते वाटायचंच.

परत आल्या आल्या मी बावीवर गेले. फडकं धुतलं आणि पिळायला घेतलं तर हात थांबला. मग पिळलं. आमच्याकडे न पिळून भागत नाही. पण आधी बावीच्या पाण्यात हलवून घेतलं, कुणी पाहत नाही असं बघून.

दसऱ्याच्या रात्री मी गाडीतूनच विमलला फोन केला होता. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग धीर करून विचारलं, "आज थांबले?"

"नाही. पुढं गेले."

"अरेरे," मी म्हटलं.

"अगं, वाईट कायले वाटून घेते?" विमल म्हणाली. "आड आहे न आता. उद्या परत पाणी काढतो."